ग्रिल झाकल्यावर मोकळ्या रस्त्यावर गाडी थंड, गर्दीत मात्र तापते

तक्रार साधारण अशी असते. अ‍ॅव्हरेज वाढावं म्हणून गाडीची पुढची ग्रिल घरच्या घरी झाकलेली असते. मोकळ्या रस्त्यावर सगळं छान चालतं, तापमानाचा काटा जागचा हलत नाही. मग गर्दीत शिरलं, दोन सिग्नल लागले, की रेडिएटरचा पंखा सुरू होतो तो बंदच होत नाही. एसीची हवा कोमट येते. आपण घाबरून झाकणाची एक पट्टी काढतो. चार दिवस बरं वाटतं, ऊन वाढलं की पुन्हा तेच. आणखी एक पट्टी काढतो. शेवटी अर्ध्याहून जास्त झाकण निघालेलं असतं, फायदा गेलेला असतो, आणि तरीही पंखा पूर्वीपेक्षा जास्त वेळ फिरतो.

या चक्रात मी दोन महिने काढले. चार वेगवेगळी झाकणं करून पाहिली. ज्यांनी ग्रिल झाकली आहे त्यांच्याकडून हीच तक्रार याच क्रमाने ऐकायला मिळते, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे. माझ्या गाडीत दोष किती झाकलं यात नव्हताच. उरलेल्या जागेतून आत आलेली हवा रेडिएटरमधून न जाता त्याच्या कडेने निसटत होती, आणि गाडी उभी असताना इंजिनची गरम हवा त्याच फटींतून उलटी पुढे येत होती. पट्ट्या काढून हे कधीच सुटलं नसतं.

गाडी आत्ताच तापली असेल तर

कारण शोधणं नंतर. आधी एसी बंद करा, हीटर सर्वांत गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगात ठेवा. गाडीचा हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा एक छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनची काही उष्णता आत ओढून घेतो. घाम येईल, पण इंजिन वाचेल. सुरक्षित जागी थांबा. तापमान उतरू लागलं असेल तर इंजिन चालू राहू द्या, पंखा त्याचं काम करतो आहे. उतरत नसेल किंवा लाल दिवा लागला असेल तर इंजिन ताबडतोब बंद करा.

रेडिएटरची टोपी गरम असताना उघडू नका, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. कूलंट म्हणजे इंजिन आणि रेडिएटरमधून फिरणारा, उष्णता वाहून नेणारा द्रव. अर्धं पाणी आणि अर्धं ग्लायकॉल असलेलं कूलंट उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं. टोपी साधारण १ बार जास्तीचा दाब धरून ठेवते, म्हणून बंद यंत्रणेत ते १२० अंशांनाही उकळत नाही. टोपी फिरवली की दाब एकदम जातो आणि तेच कूलंट त्या क्षणी उकळून तोंडावर येतं.

झाकण हाताने, बाहेरून, बॉनेट न उघडता एका मिनिटात निघालं पाहिजे. तुमचं निघत नसेल तर पुढचं सगळं वाचण्याआधी तेवढी सोय करून घ्या. माझं पहिलं झाकण चौदा झिप टायनी, म्हणजे प्लास्टिकच्या बांधायच्या पट्ट्यांनी, बांधलेलं होतं. कडेला गाडी लावून, तापलेल्या बंपरपुढे बसून ते कापायला माझ्याजवळ पकडही नव्हती.

हवा आत जाऊन काय करते

ग्रिलमधून शिरलेली हवा आधी एसीच्या कंडेन्सरमधून, म्हणजे एसीचा गरम गॅस थंड करणाऱ्या जाळीतून जाते, मग रेडिएटरमधून, मग पंखा ओलांडून इंजिनभोवतीच्या दाटीत आदळते आणि गाडीच्या पोटाखालून अस्ताव्यस्त बाहेर पडते. या प्रवासात ती जो वेग गमावते तो गाडीला मागे ओढतो. नेहमीच्या प्रवासी गाड्यांमध्ये हवेच्या एकूण अडथळ्यातला साधारण ५ ते १० टक्के भाग या थंड करणाऱ्या हवेचा असतो. ग्रिल झाकून आपण त्यातला काही भाग वाचवतो, सगळा नाही.

गाडी वेगात असते तेव्हा समोरचा हवेचा दाब भरपूर असतो. ताशी ९० किलोमीटरला जेवढा दाब ग्रिलवर येतो, त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा ताशी ४० ला येतो, कारण दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. गाडी उभी राहिली की तो शून्य. मग सगळा भार पंख्यावर. पंखा रेडिएटरच्या मागे बसून हवा ओढतो, आणि त्याला हवा कुठून येते याच्याशी देणंघेणं नसतं. जिथून सोपी वाट मिळेल तिथून तो ओढतो. पुढची तोंडं झाकलेली असली आणि रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना बोटभर फटी असल्या, तर सोपी वाट म्हणजे त्या फटी. इंजिनच्या बाजूची गरम हवा फटींतून पुढे येते, कंडेन्सरसमोर जमते आणि पुन्हा रेडिएटरमधून जाते. पंखा पूर्ण ताकदीने फिरतो आणि तीच ती गरम हवा गोल गोल फिरवत राहतो.

मोकळ्या रस्त्यावर सगळं ठीक आणि गर्दीत तापणं, याचा उलगडा इथेच होतो. वेगात असताना समोरचा दाब जास्त असल्यामुळे फटींतून हवा मागे निसटते. तेव्हाही थोडी वाया जाते, पण भागतं. उभ्या गाडीत दिशा उलटते.

माझ्या हातून झालेली चूकही आता स्पष्ट दिसते. दर वेळी मी वरच्या ग्रिलची पट्टी काढत होतो, कारण तिथे हात पोहोचायचा. वरच्या ग्रिलमागे रेडिएटरच्या माथ्यावर मोठी मोकळी जागा होती. तिथून आलेली हवा रेडिएटरला शिवत नव्हती, वरून ओलांडून थेट इंजिनवर जात होती. म्हणजे अडथळा परत आणत होतो आणि थंडावा मात्र मिळत नव्हता.

लोकरीच्या धाग्याची चाचणी

हवा दिसत नाही, म्हणून तिला धागा दाखवायचा. लोकरीचे बोटभर लांबीचे तुकडे घ्या. इंजिन थंड, किल्ली काढलेली. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो, म्हणून ही खबरदारी. रेडिएटरच्या डाव्या-उजव्या कडेला, वरच्या आडव्या पट्टीवर आणि खाली, जिथे जिथे फट दिसते तिथे पुढच्या बाजूने एकेक तुकडा चिकटपट्टीने लावा. धागा इतकाच लांब हवा की तो कुठूनही पंख्यापर्यंत पोहोचणार नाही. आता बॉनेट बंद करा, गाडी मोकळ्या हवेत सुरू करा आणि एसी लावा म्हणजे पंखा चालेल. समोरून, खालच्या मोकळ्या तोंडातून टॉर्च मारून धागे बघा.

बॉनेट बंद करायचं हे मुद्दाम सांगतो. पहिल्यांदा मी बॉनेट उघडं ठेवून पाहिलं तर सगळे धागे शांत लोंबत होते, आणि मला वाटलं इथे काही नाही. उघड्या बॉनेटमधून गरम हवा वर निघून जाते, तिला पुढे येण्याची गरजच पडत नाही. बॉनेट लावल्यावर कडेचे दोन्ही धागे सरळ माझ्या दिशेला ताणले गेले. दोन महिन्यांचं कोडं त्या एका मिनिटात सुटलं.

कडांना फटी का होत्या तेही मग कळलं. बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना कंपनीनेच पातळ प्लास्टिकचे किंवा रबरी पडदे दिलेले असतात. ते दिसायला क्षुल्लक असतात, काम मात्र मोठं करतात. माझ्या गाडीचा बंपर एकदा रंगकामासाठी काढला होता, आणि तो बसवताना हे पडदे परत लावलेच गेले नव्हते. ग्रिल उघडी होती तोवर ती उणीव कुणाला जाणवली नाही. झाकण लावल्यावर ती उघडी पडली. तुमच्या गाडीचं पुढून कधी काम झालं असेल तर आधी हे पडदे जागेवर आहेत का ते बघा. बाकीचं सगळं त्यानंतर.

दुरुस्ती कशी केली

मूळ पडदे मिळत असतील तर तेच लावावेत. मी मिळेपर्यंत बंद छिद्रांचा फोम वापरला. हा फोम दाबला तरी पाणी पीत नाही. गादीतला मऊ फोम वापरू नका. तो पाणी धरून ठेवतो आणि त्याच्याखालचा पत्रा गंजतो. फटीपेक्षा किंचित जाड पट्टी कापून रेडिएटर आणि बाजूची चौकट यांच्यात दाबून बसवली. रेडिएटरच्या किंवा कंडेन्सरच्या पातळ पात्यांवर काहीही टेकवायचं नाही, बांधायचं तर नाहीच. त्या पात्या नखानेही वाकतात, आणि कंडेन्सरच्या नळीला भोक पडलं तर सगळा गॅस जातो. एअरबॅगचे धक्का ओळखणारे सेन्सर याच चौकटीवर बसवलेले असू शकतात, त्यांना आणि त्यांच्या वायरींना हात लावू नका.

मग झाकणाची जागा बदलली. वरची ग्रिल पूर्ण झाकली, खालचं बंपरमधलं तोंड मोकळं ठेवलं. आजच्या बहुतेक गाड्यांच्या नाकावर सर्वांत जास्त दाब बंपरच्या उंचीवर, नंबर प्लेटच्या आसपास असतो, त्यामुळे खालच्या लहान तोंडातूनही चांगली हवा मिळते. खालच्या तोंडातही पंख्याच्या समोरचा भाग मोकळा हवा. पंखा एकच असेल आणि तो एका बाजूला असेल, तर त्याच्यासमोर पट्टी लावणं म्हणजे नाकावरच बोट ठेवणं. तुमच्या गाडीची रचना उलटी असू शकते. काहींचं रेडिएटर फक्त वरच्या ग्रिलमागे असतं, तिथे खालचं झाकायचं. म्हणून आधी टॉर्च घेऊन रेडिएटर कुठून कुठपर्यंत आहे ते बघा. जिथे मागे रेडिएटर, कंडेन्सर किंवा इंजिनसाठी हवा ओढणारी नळी यांपैकी काहीच नाही, ते तोंड सर्वांत आधी आणि निर्धास्त झाका. तिथून येणारी हवा काहीच थंड करत नाही.

शेवटी मोकळ्या तोंडापासून कंडेन्सरच्या कडांपर्यंत प्लास्टिकच्या शीटचा एक बोगदा केला, म्हणजे आत आलेल्या हवेला रेडिएटरमधून जाण्यावाचून वाट उरली नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-५१ मस्टँग विमानाचं रेडिएटर असंच पूर्ण बंद बोगद्यात होतं, पुढचं तोंड लहान आणि मागे कमी-जास्त उघडणारं झाकण. आपल्या गाडीत मागचं तोंड हातात नसतं, पण पुढचा अर्धा भाग नीट करता येतो. हवा वाया जाणं थांबलं की लहान तोंड पुरतं. झाकण्याचा फायदा आणि थंडावा दोन्ही एकत्र मिळण्याची हीच एक वाट मला सापडली.

फरक त्याच आठवड्यात दिसला. पूर्वी गर्दीत पंखा ९८ अंशांना सुरू होऊन बंदच होत नसे, तापमान १०२ पर्यंत जात असे. आता तो ९८ ला सुरू होतो, ९३ ला बंद होतो, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. झाकण नसताना माझी गाडी नेमकी अशीच वागायची.

पंख्याचा हिशेब

पंख्याकडे इतकं लक्ष का द्यायचं ते आकड्यांत सांगतो. एक मध्यम लहान गाडी धरा: सीडी, म्हणजे हवेच्या अडथळ्याचा गुणांक, ०.३२, समोरून दिसणारं क्षेत्रफळ २.१ चौरस मीटर. वेग ताशी ९०. हवेचा अडथळा सुमारे २५० न्यूटन येतो. चांगल्या झाकणाने सीडी ०.०१५ ने उतरला असं समजू. वाचले जवळपास १२ न्यूटन, म्हणजे त्या वेगाला सुमारे ३०० वॅट.

आता पंखा. मोटारीचा पंखा पूर्ण वेगात २०० ते ४०० वॅट वीज घेतो. ही वीज अल्टरनेटर बनवतो, आणि तो काही वाटेत गमावतो, त्यामुळे इंजिनवर त्याहून जास्त भार पडतो. म्हणजे झाकणामुळे पंखा सतत फिरू लागला तर हवेतून वाचवलेले ३०० वॅट पंख्यानेच खाल्ले. वर एसीचा कंप्रेसर. कंडेन्सर गरम राहिला की गॅसचा दाब वाढतो आणि कंप्रेसरला तेवढ्याच थंडाव्यासाठी जास्त राबावं लागतं.

म्हणून माझा नियम साधा आहे. झाकण लावण्याआधी पंखा किती वेळ फिरत होता त्याची नोंद करा, आणि लावल्यानंतर तो त्याहून जास्त फिरता कामा नये. जास्त फिरला तर झाकण चुकीच्या जागी आहे किंवा जास्त आहे. जुन्या गाड्यांत आणि काही मोठ्या गाड्यांत पंखा इंजिनलाच जोडलेला असतो. तिथे त्याचा घोंगावणारा आवाज वाढला का ते ऐका.

ही नोंद डॅशबोर्डच्या काट्यावरून होणार नाही. बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की साधारण ८० पासून १०५ अंशांपर्यंत मधोमध स्थिर राहतो, म्हणजे चालकाला उगाच काळजी वाटू नये. तो हलला तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी पोर्टमध्ये, म्हणजे गाडीच्या संगणकाचे आकडे वाचायच्या खाचेत, लागणारा छोटा स्कॅनर आणि मोबाइल पुरतो. कूलंटचं आणि आत घेतलेल्या हवेचं तापमान, हे दोन आकडे समोर ठेवा. पाहायचं काम शेजारी बसलेल्याला द्या, किंवा नोंद साठवून घरी पाहा.

तक्रार उलटी असेल तर

गर्दीत ठीक पण वेगात किंवा लांब चढावर तापमान चढत असेल, तर ही वेगळी गोष्ट आहे. धाग्याच्या चाचणीत वेळ घालवू नका.

थर्मोस्टॅट म्हणजे कूलंट रेडिएटरकडे सोडणारी, मेणावर चालणारी एक झडप. बहुतेक गाड्यांत ती ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडायला लागते आणि पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण उघडते. सपाट रस्त्यावर सारख्या वेगाने जाताना ती अर्धवटच उघडी असते. झाकण लावल्यावर रेडिएटरला हवा कमी मिळते, झडप थोडी जास्त उघडते आणि तापमान जवळपास तेच राहतं. ग्रिल झाकणं शक्य होतं ते या शिल्लक जागेमुळेच. झडप पूर्ण उघडली की शिल्लक संपली. ओळखायचं असं: सारख्या वेगात तापमान दोन-तीन अंशांच्या आत खिळून असेल तर शिल्लक आहे. बाहेरचं ऊन, वेग, चढ यांच्या मागे मागे तापमानही चढू-उतरू लागलं, तर झडप सताड उघडी आहे आणि तुम्ही जास्त झाकलं आहे. काही नव्या गाड्या हलक्या भारात मुद्दाम १०५ अंशांच्या आसपास चालवल्या जातात, म्हणून दुसऱ्याच्या आकड्यांशी तुलना करू नका. आधी झाकणाशिवाय आपल्या गाडीचे आठवडाभराचे आकडे घ्या.

चढाचं गणित फार कठोर आहे. माणसांसह १४०० किलो वजनाची गाडी ६ टक्के चढ ताशी ४० ने चढते तेव्हा फक्त वर उचलण्यासाठी ९ किलोवॅट लागतात. तीच लहान गाडी सपाटीवर ९० ने जाताना एकूण काम याच्याच आसपास असतं. म्हणजे उष्णता तेवढीच किंवा जास्त, आणि समोरून येणारा दाब पाचपटीने कमी. सपाटीवर बिनधोक असलेलं झाकण चढावर अंगलट येतं ते असं.

झाकण पूर्ण काढूनही वेगात तापत असेल तर झाकण निर्दोष आहे. कूलंट कमी आहे का, यंत्रणेत हवा अडकली आहे का, रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोंदला आहे का, वॉटर पंप थकला आहे का, टोपी दाब धरते का, हे तपासून घ्या. आजारी यंत्रणेवर ग्रिल झाकू नये. टर्बो गाडीत इंटरकूलरचं, म्हणजे इंजिनात जाणारी दाबलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरचं, तोंड मोकळं ठेवा, ते झाकलं तर आत जाणारी हवा तापते आणि ताकद कमी होते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर पुढे असेल तर तोही उघडा हवा, ओझं ओढणाऱ्या गाडीत तर नक्कीच.

बाकीच्या लहान तक्रारी पटकन सांगतो. बाहेरचं तापमान चुकीचं दिसू लागलं, तर त्याचा सेन्सर बंपरमागे झाकला गेला आहे. आपोआप चालणारा एसी त्याच्यावर अवलंबून असतो. समोरच्या गाडीपासून अंतर राखणारी यंत्रणा बंद पडल्याचा इशारा आला, तर ग्रिलवरच्या चिन्हामागचा रडार झाकला आहे, तिथली शीट लगेच काढा. हॉर्न दबका वाटला तरी कारण तेच. गाडी ओढत नाही आणि जोर देताना इंजिनमधून टकटक ऐकू येते, तर हवा ओढणाऱ्या नळीचं तोंड झाकणामागे आलेलं असेल आणि इंजिन बॉनेटखालची तापलेली हवा ओढत असेल.

फडफड आणि गळून पडणं

वस्तू कोणती वापरावी यावर बरंच बोललं जातं, माझं मत असं. पहिल्या प्रयोगासाठी नळांवर चढवतात त्या फोमच्या नळ्या उत्तम: उभ्या चिरायच्या आणि ग्रिलच्या आडव्या पट्ट्यांमध्ये दाबून बसवायच्या. बांधावं लागत नाही, हाताने निघतात, एकेक कमी-जास्त करता येते. जागा पक्की ठरली की जाहिरातीच्या पाट्यांना वापरतात ती आतून पोकळ, पन्हळी प्लास्टिकची शीट घ्यावी. हलकी असते, पाणी पीत नाही, कात्रीने कापता येते. पुठ्ठा पहिल्या पावसात लोळागोळा होतो. थर्मोकोलचे तुकडे सुटून पंख्यात जातात. नुसत्या चिकटपट्टीचा गोंद उन्हात वितळतो आणि रंगावर डाग राहतो.

फडफड होते ती बहुतेक वेळा शीटच्या वरच्या कडेची. ग्रिलच्या बाहेरून, पृष्ठभागाला सपाट बसवलेली शीट हवेसाठी चांगली, कारण खाचा बुजतात. पण तिची एक कडा जरी सुटली तरी हवा आत शिरून तिला पतंगासारखी उचलते. म्हणून वरची कडा बॉनेटच्या ओठाखाली सरकवा, खालची ग्रिलच्या पट्टीमागे अडकवा, आणि मधे काळे, ऊन सोसणारे दोनच झिप टाय लावा. त्यांचं शेपूट बाहेरून ओढता येईल असं लांब ठेवा आणि गाठीऐवजी पुन्हा सुटणारे टाय घ्या. शीट रंगाला घासते तिथे मऊ कापडी पट्टी लावा, नाहीतर महिन्याभरात चरे पडतात.

सगळं केलं तरी अ‍ॅव्हरेज वाढलं नाही

ही सर्वांत प्रामाणिक तक्रार आहे. वरच्या उदाहरणात हवा आणि टायर मिळून ९० च्या वेगाला सुमारे ३७० न्यूटन अडथळा असतो. त्यातले १२ वाचले म्हणजे तीन टक्के, आणि इंधनात प्रत्यक्ष त्याहून थोडं कमीच. लिटरला २० किलोमीटर देणाऱ्या गाडीत अर्ध्या किलोमीटरचा फरक. ६० च्या वेगाला बचत ९० वॅटच्याही खाली येते. फक्त गर्दीत फिरणाऱ्या गाडीला या झाकणाचा उपयोग जवळजवळ नाही, त्यांनी ते लावूच नये असं मी म्हणेन.

अर्धा किलोमीटर टाकी भरून मोजता येत नाही. नोझल एकदा आधी बंद झालं, एकदा नंतर, तर ३५ लिटरमध्ये एक लिटर इकडेतिकडे होतं, तेच तीन टक्के. हवामान तर त्याहून मोठा खोडा घालतं: हवा १० अंशांनी गरम झाली की तिची घनता साधारण ३ टक्क्यांनी उतरते आणि अडथळाही तेवढाच. म्हणजे थंड पहाटे झाकणाशिवाय आणि तापलेल्या दुपारी झाकणासह मोजलं, तर झाकणाचं श्रेय उन्हाला मिळायला हवं होतं असं निघू शकतं. उलटही होतं, आणि लोक चांगलं झाकण फेकून देतात.

मी असं मोजतो. वारा नसलेला दिवस, कमी वर्दळीचा सपाट रस्ता, टायरमधली हवा तपासलेली, गाडी अर्धा तास चालवून गरम केलेली, एसी बंद. जाऊन-येऊन एक फेरी झाकणाशिवाय, एक झाकणासह, मग पुन्हा एक झाकणाशिवाय. वेग सारखा धरून, स्कॅनरवरच्या इंधनाच्या आकड्यासह. पहिली आणि तिसरी फेरी एकमेकींशी जुळली तरच मधल्या फेरीवर विश्वास ठेवायचा. जुळली नाही तर तो दिवस वाया गेला म्हणून सोडून द्यायचा. माझे तीन दिवस असे गेले, चौथ्या दिवशी जुळलं, आणि फरक दोन टक्क्यांच्या किंचित वर आला.

मोटार कंपन्या हेच काम आपोआप हलणाऱ्या झडपांनी करतात. शेवरोले क्रूझ इकोत २०११ सालीच खालच्या ग्रिलमागे अशा झडपा होत्या. वेगात त्या मिटतात, इंजिनाला गरज लागली की उघडतात. आपल्या शीटला ते जमत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं. माझी वरची शीट आता दोन तुकड्यांत आहे. एक तुकडा, ज्याच्यामागे रेडिएटर नाही, वर्षभर जागेवर असतो. दुसरा थंड दिवसांत आणि लांब सपाट प्रवासात लागतो. चढ येणार असेल, गाडी भरलेली असेल किंवा बाहेर ३५ अंशांच्या वर असेल तर निघताना काढून डिकीत ठेवतो. बाजूचे पडदे मात्र कधीच काढत नाही, आणि बंपर कुणीही काढला की परत बसवताना ते लागले का हे स्वतः टॉर्च मारून बघतो.